साडेसातची निवेदनं

कॅमेऱ्यात मी कमरेपासून वर.
टेबलाखाली रबरी स्लिपर,
अंगठा तुटलेली, सेफ्टीपिन लावलेली.
परभणी केंद्राला एवढी बाई पुरते.

सोमवारी कृषी विद्यापीठाचे एक सर
कपाशीवरच्या तुडतुड्यांवर वीस मिनिटं बोलले.
घसा कोरडा पडला तरी पाण्याला हात लावला नाही,
ग्लास शोभेचा आहे असं त्यांना वाटलं.
मग मी. हरवले आहेत :
मुंजाजी लिंबाजी कच्छवे, वय बत्तीस, तालुका सोनपेठ,
रंग सावळा, उंची पाच फूट दोन इंच,
अंगात चौकड्याचा शर्ट,
बोलताना मान डावीकडे कलते.
फोटो लग्नातला. कुणाच्या तरी लग्नातला,
शेजारच्या माणसाचा खांदा कापून वेगळा केलेला,
पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवलेला.

मंगळवारी गंगाखेडचं भजनी मंडळ, पेटी अर्धा सूर खाली.
फोटो तोच.

बुधवारी जिंतूर रोडची लाइन गेली.
जनरेटरमध्ये डिझेल होतं, खोलीची चावी साहेबांकडे होती,
साहेब नांदेडला होते.
त्या संध्याकाळी जिल्ह्यात कुणीच हरवलं नाही.

गुरुवारी तो स्वतः आला.
मेकअपची खोली म्हणजे जिन्याखालचा आरसा,
त्यात माझ्या खांद्यामागे उभा राहिला.
शर्ट दुसरा होता. मान डावीकडेच.
"बाई, ते फोटू बंद करा.
म्या हरपलो न्हाई, निघून आलोय.
पूर्णा टेशनासमोर हाटेलात कपबशा धुतो,
गिऱ्हाईकं आधी टीव्हीकडं बघायलेत, मग माझ्याकडं."
का निघालास, मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.
स्टुडिओचं दार किती जाड आहे ते बोटानं दाबून बघितलं
आणि पॅसेंजर चुकेल म्हणून गेला.

त्या दिवशी आणि शुक्रवारी
मी त्याचं पान सगळ्यांत खाली सरकवलं,
बाजारभाव इतके सावकाश वाचले
की तुरीपाशीच वेळ संपला.

शनिवारी दुपारच्या टपालात कार्ड.
"बुधवारी आमच्या मुंजाला दाखवलं न्हाई.
सापडू द्या नाहीतर नका सापडू, रोज दाखवा.
घरात त्याचा दुसरा फोटू न्हाई,
व्हता तो तुमच्याकडं दिलाय.
सरपंचाच्या ओसरीवर मी सातपासूनच बसते."
खाली वेगळ्या शाईत : लिहिणार, सहावी ब.

शनिवारी हुंड्यावरची नाटिका होती.
नवरदेवाची मिशी मध्येच सुटली
आणि मला हसू आलं नाही,
एवढंच आठवतं.

रविवारी मी मोईज साबांना विचारलं,
फोटो किती वेळ धरता येतो?
दस सेकंद, म्हणाले. कायदे से.
मग काचेतून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.
"बीस पकडतूं."

लाल दिवा लागला. मी वाचलं :
मुंजाजी लिंबाजी कच्छवे,
रंग गोरा, उंची पाच फूट सहा इंच,
बोलताना मान ताठ.
चार बोटं उंच केला मी त्याला, सरकारी पडद्यावर.
सोनपेठला आमचं चित्र तसंही मुंग्यांतून पोचतं,
तो चेहरा आधीच ज्याला ठाऊक आहे
त्यालाच तो दिसतो.
वीस सेकंद.
मी मोजले, स्लिपरच्या पिनेवर अंगठा आपटत.

सोमवारी नोंदवहीत लाल शाई :
वाचनात तीन चुका. निवेदिका श्रीमती डहाळे यांना समज द्यावी.
समज दिली गेली. मी सही केली.

स्टुडिओत तुडतुड्यांचा दुसरा भाग मांडला होता,
सर कोट सारखा करत खुर्चीत बसले होते.
त्यांच्यापुढचा ग्लास मी स्वतः भरला
आणि म्हटलं, प्या सर.
हा खरा आहे.